सिस्टर कॅटरिनाचं मराठी

गोंदियाच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. घर मात्र बालाघाटला, मध्य प्रदेशात. सकाळी बसने राजेगाववरून जायचं, संध्याकाळी परत. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता मराठीचं काम संपलं. आमच्या गल्लीतली पोरं हिंदीत बोलतात आणि हिंदीतच भांडतात. म्हणून जानेवारीत कॉन्व्हेंटमधली एक परदेशी सिस्टर माझ्याकडे मराठी शिकायला आली, तेव्हा मला बरंच वाटलं.

सिस्टर कॅटरिना स्लोव्हाकियाची. चाळिशीची, उंच, उन्हाने नाक सोललेली. हिंदी तिला येत होतं. पण राजेगावच्या बाजूच्या खेड्यांत तिचा फिरता दवाखाना जायचा आणि तिथल्या म्हाताऱ्या आपलं दुखणं मराठीतच सांगायच्या. "त्यांना काय होतं ते मला त्यांच्या शब्दांत कळलं पाहिजे, सर," ती म्हणाली. गल्लीत कुजबुज झाली. विहारातही एकाने विचारलंच, "काय रामटेके सर, बाटता का काय?" मी म्हटलं, मी व्याकरण शिकवतो.

दुपारी चारला ती रिक्षाने यायची. ईस्टरआधीचे त्यांचे उपासाचे दिवस लागले तशी तिने साखर सोडली. माझी बायको शेवंता तिला बिनसाखरेचा चहा आणून द्यायची आणि लगेच आत जायची. दोन वर्षांपासून ती कुणाशीच फार बोलत नव्हती.

आमची मुलगी आम्रपाली नर्सिंगला होती. दोन वर्षांपूर्वी होळी झाल्यावर, मैत्रिणीकडे जाते म्हणून बिरसा गावाच्या बसमध्ये बसली, ती तिथे पोचलीच नाही. ती बसमध्ये चढल्याचं कंडक्टरला आठवत होतं, उतरल्याचं आठवत नव्हतं. पोलीस झाले, जंगल झालं, नागपूरपर्यंतचे दवाखाने झाले. शेवंताच्या लेखी ती कुठेतरी आहे आणि येणार आहे. मीही तेच धरून होतो. सिस्टरला यातलं काही मी सांगितलं नव्हतं, आणि घरात फोटोही लावलेला नव्हता. गेलेल्यांचे फोटो लावतात, असं शेवंता म्हणायची.

मार्चमध्ये सिस्टर 'हो'च्या जागी 'हौ' म्हणू लागली. मग 'का'च्या जागी 'काहून'. मी दुरुस्त करायचो, ती लाजून हसायची. पेशंटकडून उचललं असेल, असं मी धरून चाललो. तेच शक्य होतं.

एके दिवशी ती क्रियापदं लिहीत होती. आत भात लावलेला. कुकरची शिट्टी झाली. वहीतून मान वर न करता सिस्टर म्हणाली, "शिटीबाई बोलावून राह्यली."

आत काहीतरी पडलं. शेवंता दारात आली. तिच्या हातातल्या झाऱ्यातून पाणी गळत होतं.

कुकरला शिटीबाई आम्रपाली म्हणायची. तीन-चार वर्षांची असताना तिनेच ते नाव पाडलं होतं. घराबाहेर तो शब्द कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"मी काय म्हटलं?" सिस्टरने विचारलं. आमचे चेहरे बघून तिने पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी निघताना ती फाटकाशी थांबली. रस्त्यापलीकडे कुणीतरी मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर, आंबूस वास सगळीकडे भरला होता. "सर, हे शब्द मी शिकलेले नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "बोलायच्या आधी ते तोंडात असतात. तुम्हाला मुलगी आहे?"

मी सांगितलं. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. बराच वेळ ती रिक्षात बसेना.

"मी येणं बंद करते," ती म्हणाली.

बंद कर म्हणावं, असं मला वाटत होतं. आम्ही आत्मा मानत नाही. विहारात मी स्वतः त्यावर बोललो आहे. पण त्या वेळी मनात एकच गोष्ट होती. आम्रपाली कुठे जिवंत असती, तर तिला दुसऱ्याच्या तोंडाने बोलावं लागलं नसतं. सिस्टरच्या तोंडून एकेक शब्द यायचा आणि माझी मुलगी तेवढी मरायची.

मी हे शेवंताला सांगून पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"येऊ द्या तिले," ती म्हणाली. "तुमी मधात नोका पडू."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कॉन्व्हेंटमध्ये जाऊन सिस्टरला हात जोडले. सिस्टर येत राहिली. आता शेवंता समोर बसायची आणि तिच्या ओठांकडे बघत राहायची. सिस्टर वाळत चालली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. धड्यातलं साधं वाक्यसुद्धा ती पाय टाकायच्या आधी जमीन चाचपावी तसं बोलायची.

गुड फ्रायडेला राजेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात क्रूसाची वाट होती. येशूला क्रूस घेऊन नेलं त्याची आठवण म्हणून माणसं क्रूस घेऊन चालतात, ठरलेल्या जागी थांबतात, तिथे कुणीतरी चार ओळी वाचतं. चौथ्या थांब्यावर येशूला वाटेत आई भेटते. तिथलं मराठी सिस्टर वाचणार होती. मजकूर तिनेच लिहिला होता, मी तपासला होता. त्यात मुलगा आईला म्हणतो, "आई, तू इथे का आलीस? घरी जा."

शेवंता म्हणाली, मी येणार. मग मलाही जावं लागलं.

सकाळचे नऊ वाजले होते तरी ऊन टोचत होतं. धान कापलेल्या बांध्यांमधून पंचवीसेक माणसं चालली होती. पायाखाली खुंट करकरत होते. त्या दिवशी त्यांच्यात घंटा वाजवत नाहीत, म्हणून पुढचा माणूस लाकडावर लाकूड आपटत चालला होता. तो कोरडा आवाज बांध्यांवरून जाऊन झाडीतून परत येत होता.

चौथ्या थांब्यावर सगळे गुडघ्यांवर बसले. शेवंता उभीच राहिली. सिस्टरने कागद उघडला. पहिल्या दोन ओळी तिने नीट वाचल्या.

मग ती थांबली. कागद खाली गेला. तिने शेवंताकडे पाहिलं.

"माय, तू काहून येऊन राह्यली?"

आवाज सिस्टरचाच होता. बोलण्याची ढब तिची नव्हती.

"मले शोधू नोको. मी त घरीच आहो."

एका म्हातारीने मान डोलावली; तिला वाटलं, सिस्टर आता चांगलं मराठी बोलायला लागली.

शेवंता रडली नाही. वळली आणि बांधावरून सडकेकडे चालू लागली. मी मागून धावलो. बालाघाटची बस लगेच मिळाली. तिच्या शेजारची सीट रिकामी होती. मी बसायला गेलो, तर तिने तिथे हात ठेवला. मी उभ्याने आलो.

घरी आल्यावर मी सगळं घर धुंडाळलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पलंगाखाली वाकलो, माळ्यावर चढलो, छतावरच्या टाकीचं झाकण काढून आत हात घातला. आपण काय शोधतोय ते स्वतःशी म्हणायची हिंमत नव्हती. हाताला फक्त कोमट पाणी लागलं.

खाली आलो तेव्हा शेवंता स्वयंपाकघरात होती.

"अशी थोडी भेटते," ती म्हणाली.

ईस्टरच्या रविवारी दुपारी सिस्टर आली. लाल रंगवलेलं अंडं आणि केकचा तुकडा घेऊन आली होती. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. बोलताना पुन्हा अडखळत होती, प्रत्ययांत चुकत होती, मी शिकवलेलं पुस्तकी मराठी बोलत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणाची चूक ऐकून बरं वाटलं.

"आता माझ्या तोंडात कुणी नाही, सर," ती म्हणाली. "शुक्रवारी काकू बसमध्ये चढल्या, तेव्हा मी लांबून बघत होते. माझी जीभ एकदम हलकी झाली."

"मग ती गेली कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. तिने चहा मागितला, साखर घालून. चहा झाल्यावर शेवंताला नमस्कार केला आणि निघून गेली. त्यानंतर ती शिकायला आली नाही.

सोमवारी सकाळी मी फाटकाशी होतो. दूधवाला प्रेमलाल आला. आमच्या गल्लीत तो नवा, याच होळीपासून येतो. त्याने रोजचं अर्धा लिटर मापलं, मग पुन्हा माप कॅनमध्ये बुडवलं.

"अर्धाच घेतो आम्ही," मी म्हटलं.

"काल सांजेले तुमची बिटिया भेटली ना फाटकावर," तो म्हणाला. "बोली, कल से आधा लीटर बढ़ा देना."

मी काही बोलायच्या आत शेवंता मागून आली. तिच्या हातात आधीच दुधाचा मोठा गंज होता.