चकतीवरचा ओरखडा

पडद्यावरच्या नायकानं गुडघा टेकला, नायिकेचा हात हातात घेतला आणि तो म्हणाला, "तुझ्या भांडणांसकट तू मला..." इथं डॉ. मुग्धा सबनीसांनी आवाज बंद केला. पुढचं वाक्य खुर्चीत बसलेल्या मिलिंद बोंद्र्यांनी पुरं करायचं होतं. त्यांच्या डोक्यावर वाचाप्रेरक टोपी होती. ते नुसते बघत राहिले आणि यंत्रावरची रेघ आडवीच राहिली.

"सपाट," अभियंता निंबकर म्हणाला. "मॅडम, एवढी तोंडपाठ फिल्म, आणि इथंच लहर नाही?"

"तेच कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शब्द मेले नाहीत, त्यांची वाट बंद झालीय. ओळखीची गोष्ट मध्येच तुटली की मेंदू पुढचं आधीच तयार ठेवतो. त्या तयारीची भाकीतलहर उठली, की टोपी वाचाकेंद्राला हलका धक्का देते आणि शब्द बाहेर पडतो. पण लहरच नसेल तर धक्का कशाला द्यायचा?"

मागं बसलेली वृषाली, मिलिंदरावांची बायको, हे सगळं ऐकत होती. पक्षाघातानं नवऱ्याची वाचा गेल्यापासून घरात ती एकटीच बोलायची आणि त्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता. आज जमलं नाही तर उद्यापासून टोपी दुसऱ्या रुग्णाला मिळणार होती. रिकाम्या हातानं कोल्हापूरला परतायचं नाही, हे तिनं एसटीत चढतानाच ठरवलं होतं.

"बोंद्रेताई, याच प्रसंगाला ते दरवेळी बोलायचे, असं तुम्हीच सांगितलंत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलायचेच. पण हा हिरो एवढं लांबलचक बोलतो, हे मला आज कळतंय. आमच्या सीडीच्या चकतीवर तो गुडघा टेकायचा आणि तिथंच अडकायचा."

निंबकर खुशीत म्हणाला, "तुमच्या चकतीची नक्कल करताना तो ओरखडा मी भरून काढला. दुसऱ्या प्रतीवरून. आता शोधूनही सापडणार नाही."

वृषालीनं कपाळावर हात मारला. प्लेअरबरोबर फुकट आलेली ती एकच चकती त्यांनी दर रविवारी बघितली होती. मागणी अडकायची, मिलिंदराव चकती काढून बनियननं पुसायचे, पुन्हा लावायचे. मग एकदम लग्नाचा मांडवच दिसायचा.

"अहो दादा, जे वाक्य यांनी जन्मात ऐकलं नाही, ते यांचा मेंदू तयार कुठून ठेवणार? आमची मूळ चकती लावा."

डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण अडकलेल्या चित्रात पुढचा शब्दच नाही. मेंदू भाकीत कशाचं करणार? ते तेव्हा काय बोलायचे?"

"ते कोण लक्षात ठेवतंय? बोलायचे काहीतरी. तुम्ही लावा हो. मी काही उठायची नाही इथनं."

जुन्या यंत्रांच्या संग्रहालयातून प्लेअर मागवला. चकती फिरली, नायकानं गुडघा टेकला, चित्र थरथरलं आणि अडकलं. रेघ किंचित हलली, पण टोपीवरचा दिवा काही लागला नाही. मिलिंदराव पडद्याकडं बघतच नव्हते. मान वळवून ते वृषालीकडं बघत होते. ती कशाची तरी वाट बघत बसलीय, याचंच त्यांना नवल वाटत असावं.

वृषालीला एकदम उमगलं. अडकायची ती पडद्यावरची फिल्म, घरातलं पुढचं चालूच राहायचं. चित्र थांबलं की ती कधीच बसून राहायची नाही. पदर खोचून ती उठली आणि पुढं स्वयंपाकघर असल्यासारखी दाराकडं चालू लागली.

रेघ ताडकन वर गेली. टोपीवरचा दिवा लागला.

"आलं," मागून घोगरा आवाज आला. "आलं घाल गं चहात."

वृषाली दारातच थांबली. डोळ्यांना पदर लावून ती वळली आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "संपलंय."

"मग... आणायचं नाही का?"

डॉक्टरांनी घाईघाईनं लहरीची नोंद केली. निंबकरनं हळूच विचारलं, "ताई, फिल्म पुढं नेऊ? तो बिचारा अजून गुडघ्यावरच बसलाय."

"बसू दे," वृषाली म्हणाली. "त्याला सवय आहे. आधी आलं कुठं मिळतं ते सांगा."