मागची डावी सीट

सकाळी दार उघडून रुपेश बाहेर आला की आधी गाडीची मागची डावी बाजू पाहायचा. रोज तेच. तीन कोपरे ताठ आणि चौथ्यात गाडी खाली गेलेली, चाक मडगार्डात निम्मं गडप. हिंगणघाटच्या त्या गल्लीत एवढी मोठी परदेशी गाडी दुसरी नव्हती, आणि एवढी मान खाली घालायला लावणारीही नव्हती.

माणसानं हौस करावी, पण डोकं ठिकाणावर ठेवून. बरीच वर्षं काळी-पिवळी चालवलेला हा माणूस. नागपूर-हिंगणघाट. सवारी भरायची, उतरवायची, संध्याकाळी घरी. बरं चाललं होतं. मग कोणीतरी कानात घातलं की लग्नात नवरदेवाला आता मोठीच गाडी लागते, भाडं सांगू तेवढं मिळतं. झालं. काळी-पिवळी विकली, बायकोचं, भावनाचं, सोनं मोडलं आणि नागपूरहून ही वापरलेली गाडी आणली. एवढी गाडी एवढ्या स्वस्तात का, हे विचारायला हवं होतं. पण स्वस्त म्हटलं की आपल्या लोकांची अक्कल चरायला जाते.

या गाड्यांना लोखंडी स्प्रिंग नसते, चारही चाकांवर हवेचे फुगे असतात. फुगा गळला की गाडी बसते. रुपेशनं फुगा बदलला. गाडी बसली. हवा भरणारा कंप्रेसर बदलला, त्यात भावनाचा अंगणवाडीचा सहा महिन्यांचा पगार गेला. गाडी बसली. नागपूरच्या वर्कशॉपात टाकली, तर त्यांनी कूलंटची गळती, सनरूफमधून झिरपणारं पाणी, गिअरबॉक्सचं ऑइल असं कोणी न सांगितलेलं बरंच काही दुरुस्त केलं आणि बिल हातात दिलं. गाडी बसलीच. एका वरातीत नवरीकडच्या काकानं सगळ्यांसमोर विचारलं, "लंगडी हाय का हो गाडी?" त्यानंतर उरलेली बुकिंगं एकेक करून गेली.

शेजारच्यांनी लिंबू-मिरची बांधायला सांगितली. रुपेशच्या आईनं, कमलाबाईनं, दारातूनच त्यांना वाटेला लावलं. "आमच्या घरात असलं चालत नाई. यंत्र बिघडलं त मिस्त्रीले दाखवा." रुपेशलाही ते पटलं होतं. यंत्रच ते.

फक्त एक होतं. गाडी सुरू केली की बेल्टची टिंगटिंग वाजायची. ताराचंद मिस्त्रीनं मशीन लावून पाहिलं आणि मान खाजवली. "भाऊ, मागच्या डाव्या सीटवर माणूस बसून हाय, बेल्ट नाई लावला, असं सांगून राह्यली ही." मग त्यानं तारच तोडून टाकली. टिंगटिंग थांबली. पुढं एकदा रुपेशनं तीच सीट पुसायला हात लावला. गाडीत एसी केव्हाचा सुरू होता, बाकीच्या सीटा गारठलेल्या. ही तेवढी कोमट होती. ऊन लागलं असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. गाडी सावलीत उभी होती.

रुपेशची झोप उडाली. भावनाच्या मोकळ्या गळ्याकडं त्याला पाहवेना. शेवटी त्यानं गाडी विकायला काढली. नाचणगावचे रूपराव नावाचे ठेकेदार आज दुपारी पाहायला येणार होते. सौदा झाला तर जुनीपानी का होईना, काळी-पिवळी परत घेता आली असती. नाही झाला, तर घर चालवायला काहीच उरलं नव्हतं.

सकाळीच तो ताराचंदकडं गेला. "आज एक दिवस उभी राहू दे रे तिले. पाया पडतो."

"म्या काय करू? सारं नवं हाय. वजनच जास्त असन. मागच्या मालकानं खाली पत्रा-बित्रा मारला असन. जिनिंगच्या वजनकाट्यावर घेऊन पाह्य."

जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. किसनराव काटेवाल्यानं ओळखीखातर गाडी मध्येच घेतली. रुपेश खाली उतरून खिडकीशी गेला. पडद्यावरचा लाल आकडा वर जायचा, खाली यायचा. ठरेना.

किसनरावनं चष्म्यावरून पाहिलं. "उतरव त्याले."

"कोणाले?"

"रुपेश, म्या जलमभर कापूस तोलला. गाडीत माणूस दडवून वजन वाढवनारे लय पाह्यले. आकडा असा नाचला का समजायचं, आत कोणी हालून राह्यलं. उतरव."

"गाडी रिकामी हाय, काका."

पडद्यावरचा आकडा हळूच स्थिर झाला. आत कुणीतरी ऐकत असल्यासारखा.

रुपेश परत गाडीत बसला, पण मागं पाहायची हिंमत झाली नाही. आणि तिथं त्याला जामचा चौरस्ता आठवला.

गाडी नागपूरहून आणली त्या दिवशी ती ताठ होती. बुटीबोरीला ताठ होती. जामच्या चौरस्त्यावर तो चहाला थांबला होता. नव्या गाडीचा आनंद, आणि इतक्या वर्षांची सवय. चहा संपवून त्यानं मागचं डावं दार उघडलं आणि गंमत म्हणून हाळी दिली, "चला हिंगणघाट, हिंगणघाट! बसा, लगेच निघते." आजूबाजूचे हसले. कोणी आलं नाही. त्यानं दार लावलं आणि निघाला.

हिंगणघाटला पोचल्यावर मात्र त्यानं मागचं दार उघडलं नव्हतं. काळी-पिवळीवाला सवारीला ठिकाण आल्याचं सांगतोच. ते त्यानं सांगितलं नव्हतं.

फोन वाजला. रूपराव गल्लीच्या तोंडाशी आले होते.

रुपेशनं गाडी कशीबशी घरासमोर आणून लावली. घराचं दार उन्हाळ्यामुळं सताड उघडं होतं. डावा कोपरा हळूहळू खाली गेला. रुपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लाज सोडली त्यानं. मागचं दार उघडलं.

"हिंगणघाट आलं," तो म्हणाला. "उतरा."

काही झालं नाही.

"उतरा ना हो. चुकलं माझं."

सीटचं चामडं करकरलं.

डावा कोपरा वर आला.

रूपरावांनी गाडी फिरवली, सीटवर आदळून बसून पाहिलं, खूश झाले. पैसे खात्यात टाकून किल्ली घेऊन गेलेसुद्धा. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, चारही बाजूंनी सारखी. रुपेश रस्त्यातच उकिडवा बसला आणि रडला. भावनाला फोन केला, "सुटलो वं आपण."

मग तो घरात आला.

मोतीबिंदूनं अधू झालेली कमलाबाई दिवाणाच्या अगदी काठावर टेकली होती. एक पाय जमिनीवर रोवलेला, एका हातानं काठ घट्ट धरलेला.

"माय, नीट बस ना. पडशीन."

"कुठं बसू?" ती हळू आवाजात, पाहुण्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली. "मघापासून म्हनून राह्यली, बावा, जरासा सरक. सरकतच नाई."

बाकीचा दिवाण रिकामा होता. भिंतीकडची गादी खोल दबलेली होती.