चित्र सहावे: मरळ, हातासह

चित्र १. शिंगी. डावी बाजू.

अहवालातला मासा नेहमी डावीकडे तोंड करून असतो. आमच्या धंद्याचा तो नियम आहे. डावी बाजू खराब असेल तर उजवी काढायची आणि पातळ कागद पालथा घालून चित्र डावीकडे वळवायचं. पहिल्याच दिवशी मी जाफरला हे सांगितलं.

"म्हंजे खोटं काढाचं," तो म्हणाला.

"खोटं नाही. उलटं."

"एकच झालं, साहेब."

जाफर चांद्याला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मी नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. १९५७ च्या ऑगस्टमध्ये तलावांतल्या माशांची पाहणी करायला मी सावली गावापासून सात मैलांवरच्या कोहळीटोल्याला आलो, आणि आमचा नेहमीचा चित्रकार तापानं पडल्यामुळे जाफरला सोबत आणलं. पंचायतीच्या कौलारू खोलीत आमचं बिऱ्हाड होतं. दारातून तलावाची पाळ दिसायची आणि पाळीच्या मधोमध, पाणी शेताकडे सोडायची दगडी मोरी. तिला तिकडे तुडूम म्हणतात.

मेलेल्या माशाचा रंग काही मिनिटांत उडतो, म्हणून आम्ही जिवंत मासा काढायचो. ओल्या पोत्यावर मासा धरून मी सुईच्या टोकानं त्याचे खवले, परांतले काटे मोजायचो. जाफर तेवढेच काढायचा. माझा आकडा आणि त्याची रेघ जुळली की चित्र पूर्ण.

मासे दसरू ढीवर आणून द्यायचा. त्याची आई सोमारी दारात जाळं दुरुस्त करत बसायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्या सुईकडे पाहत म्हणाली, "जित्या मासोळीले मोजत नाई आमी, साहेब. टोपलीत मेल्यावर मोजतो."

"काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

तिनं दातानं दोरा तोडला. "पानी आयकते."

दसरू हसला. मीही हसलो.

चित्र २. वाम. शेपटीजवळ जखम.

जखम नव्हती. मी वाम उलटीपालटी करून पाहिली. कातडी अखंड होती. चित्रात मात्र शेपटीच्या वर चंद्रकोरीएवढा लचका तुटलेला.

"हे कुठून आलं?"

"दिसलं म्हनून काढलं," जाफर म्हणाला. मग त्यानंही वाम पाहिली आणि कुंचला पाण्यात बुडवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळात जिवंत ठेवलेल्या वामीच्या शेपटीजवळ लचका तुटलेला होता. तळाशी एक खेकडा होता. खेकडा पाहून मला फार बरं वाटलं. मी चित्राखालची ओळ बदलली नाही.

चित्र ३. रोहू. पंधरावा खवला नाही.

मी मोजले तेव्हा होता. चित्रात नव्हता. दुसऱ्या दिवशी रोहू घंगाळातून उसळून काठावर आपटला. पोत्यावर घेऊन मी तीनदा मोजलं. तीनदा पंधरावा नव्हता.

चित्र ४. शिंगी, दुसरी. डोळा पांढरा.

ही माझी परीक्षा होती. जाफरला मी जिवंत, चपळ शिंगी दिली. चित्र झाल्याबरोबर तिला फॉर्मालिनमध्ये टाकायचं, असं मनात ठरवलं. मनातच. कुणाला बोललो नाही, बाटलीची पेटीसुद्धा खिळे ठोकलेली होती.

तासाभरानं मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. कागदावरच्या शिंगीचं तोंड उघडं होतं. डोळा उकडल्यासारखा पांढरा होता. मिशांपैकी दोन एकमेकींवर पडून फुली झाली होती.

"मी जितीच काढून राह्यलो होतो," जाफर म्हणाला. आवाज इतका खाली होता, की मला वाकावं लागलं.

मी पेटी फोडली. संध्याकाळी बरणीशेजारी चित्र ठेवून पाहिलं. मिशांची फुली तीच होती. वरची मिशी वर, खालची खाली.

चित्र ५.

काढलं नाही. जाफर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला. घरी जातो म्हणाला. मी त्याला म्हटलं, फक्त मरळ राहिली, तिच्याशिवाय अहवाल छापणार नाहीत.

"तुमी भेत नाई का, साहेब?"

मी म्हटलं, नाही. सुई मात्र मी खिशात ठेवली.

चित्र ६. मरळ, हातासह.

मरळ पोत्यावर टिकत नाही, धरावी लागते. शिवाय मासा केवढा ते कळावं म्हणून एका तरी चित्रात माणसाचा हात हवा होता. दसरूनं उजव्या हातानं ती धरली. जाळ्यानं तिची डावी बाजू खरडली होती, म्हणून मी जाफरला उजवी बाजू काढून उलटवायला सांगितली. मध्येच तिनं हिसका दिला आणि ती दसरूच्या हातातून सुटली. मी ती पकडली, तशीच धरून खवले मोजले आणि पुन्हा दसरूकडे दिली.

दुपारी चित्र झालं. मासा फार सुंदर उतरला होता.

हात तांदळाच्या धुवणासारखा पांढरा होता. बोटांची टोकं सुरकुतलेली होती, नखं निळी. मनगटापाशी कातडी ओल्या बाहीसारखी सुटली होती. असा हात मी एकदाच पाहिला होता, वैनगंगेच्या घाटावर, बुडून तिसऱ्या दिवशी वर आलेल्या माणसाचा.

अंगठ्याखाली एक बारीक, तिरपा काप होता.

हात डावा होता. दसरूनं उजव्यानं धरली होती. चित्र उलटवलं, उजव्याचा डावा झाला. हा हिशोब मला क्षणात आला, ते माझं रोजचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दसरू तुडुमापाशी बुडी मारणार होता. तिथे मरळीची लाल पिल्लं दिसली होती आणि त्यांच्या राखणीला असलेली दुसरी मरळ मीच मागितली होती.

"जायचं नाही," मी म्हटलं.

"काऊन? मासोळी तं तिथीच हाये."

"नको मला."

त्यानं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब कागदाले भेला," तो आईला म्हणाला.

सोमारी हसली नाही. तिनं लेकाचा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठा दाबून पाहिला. काप नव्हता.

"घरी थांब," ती म्हणाली.

तीन दिवस दसरू तलावावर गेला नाही. तीन दिवस मी त्याच्या दाराशी खाटेवर बसून राहिलो. तो विहिरीवर गेला तरी मी मागे जायचो.

"माह्या बायकोले बी येवढी काळजी नाई," तो म्हणायचा, मग आईकडे वळून: "बुढी, साहेबाले आपल्या घरीच ठेवून घे."

तिसऱ्या दिवशी सोमारीनं घंगाळातली मरळ उचलली आणि तलावात सोडून दिली. मी तिला अडवलं नाही. चौथ्या दिवशीही दसरू जिवंत होता, बिड्या ओढत होता आणि माझी नक्कल करून शेजाऱ्यांना हसवत होता. मी सामान बांधलं.

मूल गावच्या स्टेशनावर गाडीला उशीर होता. जाफर शेजारी बसला होता. मी त्याला म्हटलं, "पाहिलंत? दसरूला काही झालं नाही. या वेळी तुमचा डोळा चुकला."

"ते दसरूचा हात नाई, साहेब."

"मग कुणाचा?"

"मासोळी सुटली तवा तुमी धरली. उजव्या हातात सुई होती तुमच्या. डाव्यानं धरली. तिचं तोंड डावीकडंच होतं. मी तसंच काढलं. कागद पलटवलाच नाई."

"पण डावी बाजू खरडलेली होती."

"होती," जाफर म्हणाला. "पन मले भरून आलेली दिसली."

चांद्याची गाडी आली. तो डब्यात चढला आणि खिडकीशी बसला नाही.

अहवाल शेवटी मरळीशिवायच, चार चित्रांसह छापला. मरळीचं चित्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.

जखम वामीला एका रात्रीत आली. खवला एका दिवसात गेला. शिंगीला काही तास लागले. हाताला किती, हे माझ्या नोंदीत नाही. खरडलेली बाजू भरायला मरळीला किती दिवस लागतात, तेवढं मात्र मला माहीत आहे.

त्यानंतर मी एकही पाहणी घेतली नाही. नदी ओलांडावी लागते म्हणून पुतणीच्या लग्नाला गेलो नाही. आंघोळीला बादलीत निम्मंच पाणी घेतो.

आज डिसेंबरची अकरा तारीख. दुपारच्या टपालानं कोहळीटोल्याहून पत्र आलं. दसरूनं तिथल्या मास्तरांकडून लिहवून घेतलं आहे. धान चांगलं झालं. आई बरी आहे. खाली दोन ओळी आहेत: तुमची मरळ तुडुमापाशी असते. बाजू भरून आली. आई कुनाले पकडू देत नाई.

पाकीट ब्लेडनं उघडलं होतं. पत्र दुसऱ्यांदा वाचताना कागदावर रक्त दिसलं.

डावा हात. अंगठ्याखाली. तिरपा.

खणातून चित्र काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

टिपकागदानं रक्त टिपलं आणि हात दिव्याजवळ नेला. काप बारीक आहे, दुखत नाही. बोटांची टोकं सुरकुतली आहेत.

सकाळपासून मी पाण्याला हात लावलेला नाही.