मागच्या सीटखालचा पंप

जरा सरका, मला टेकायला जागा द्या. आणि तो मोबाइल खाली ठेव रे, तोंडावर उजेड पाडून कधी असली गोष्ट ऐकतात का? भूतबित मी मानत नाही. तुम्हीही मानू नका. पण ही गाड्यांची वायरिंग करणाऱ्या वायरमनची गोष्ट ऐकीव नाही. त्याचं दुकान माझ्या रंगाच्या दुकानाला लागून होतं, मध्ये फक्त एक पत्रा. तो तिकडे शिंकला की माझ्या हातातला ब्रश हलायचा. आणि शेवटी जे काही दिसलं, ते बघायला मी स्वतः त्याच्या शेजारी उभा होतो.

डिसेंबरातला दुसरा रविवार. वायरमन सकाळीच भंगारवाल्याकडे गेला होता, पेट्रोलचा एक पंप आणायला. काम घरचंच होतं, त्याच्या वहिनीचं. तिचा नवरा, म्हणजे वायरमनचा थोरला भाऊ, टॅक्सी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेला बिचारा. गाडी तेव्हापासून दारात उभी होती. काचेच्या फटीतून पाणी झिरपून गाडीचा कॉम्प्युटर कुजला, इंजिनही जाम झालं. वहिनी मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने लायसन्स काढलं आणि हॉस्पिटलच्या नर्सबायांना पहाटे कामावर पोचवायचं काम मिळवलं. सोमवारी पहिली फेरी. घरी दुसरं कोणी नाही, म्हणून पाच वर्षांची लेक मागच्या सीटवर झोपवून न्यायची, असं तिने ठरवलं होतं.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर घोड्यापेक्षा लगाम महाग. म्हणून वायरमनने गाडी दुकानापाशी ओढून आणली आणि जुन्या पद्धतीचं इंजिन बसवलं. कार्बोरेटरचं. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, पण मग कंपनीची वायरिंग सगळी उसवायला लागते. महिनाभर तो त्या जंजाळात डोकं घालून बसला होता. एकेक वायर ओढायची, टेस्ट लॅम्प लावून बघायची, कॉम्प्युटरकडे जात असली तर कापायची, टोक दुमडायचं, वर टेप मारायचा. मी म्हणायचो, "अरे, शेवया करतोस का काय?" तो हसायचासुद्धा नाही. भावाची गाडी होती ना.

आता कान देऊन ऐका, सगळी गोम इथेच आहे. कॉम्प्युटर एक काम असं करतो, जे कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी आपटली, उलटली, इंजिन बंद पडलं, की तो पेट्रोलच्या पंपाची वीज तोडतो. तो नसला की किल्ली चालू आहे तोवर पंप पेट्रोल फेकतच राहणार, थेट तापल्या इंजिनावर. मग आत माणूस अडकलेला असला तर काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून जाणता वायरमन मध्ये एक रिले टाकतो, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच. इंजिन थांबलं की रिले पडतो, पंप बंद. या गड्यालाही ते ठाऊक होतं. पण त्याच्याकडचा रिले निघाला खराब, आणि रविवारी दुकानं बंद. त्याने काय केलं? पंपाची वायर सरळ किल्लीला जोडली. दोन दिवसांनी टाकू रिले, तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?

तात्पुरतं! या एका शब्दाने आपल्या धंद्यात जेवढी माणसं खाल्ली, तेवढी दारूने नसतील खाल्ली.

रात्री साडेअकराला काम संपलं. मी कधीच घरी गेलो होतो, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वायरमनने किल्ली फिरवली. मागच्या सीटखालून पंपाचा आवाज आला, घूंऽऽ, आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. त्याला इतका आनंद झाला म्हणून सांगू, डोळ्यांत पाणीच आलं. त्याने किल्ली बंद केली. इंजिन थांबलं, पंपही थांबला. किल्ली काढून त्याने खिशात टाकली आणि फडक्याला हात पुसायला लागला.

घूंऽऽ...

त्याने वळून पाहिलं. मागच्या सीटकडून आवाज येत होता. किल्ली तर खिशात. तो घाबरला नाही, उलट वैतागला. उलटी वीज फिरत असणार, कुठेतरी दोन वायरी चुकून एक झाल्या असणार. असं होतं कधीकधी. त्याने बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं टर्मिनलच काढून टाकलं. आता वीज येणार कुठून?

घूंऽऽ...

त्याने मागचं दार उघडलं, सीट उचलली, टॉर्चचा दिवा खाली धरला. पंप जागच्या जागी. वायर जोडायचा कपलर त्यानेच दाबून बसवलेला, तसाच घट्ट. त्याने पंपावर हात ठेवला.

पंप गार होता. हलतही नव्हता.

आवाज थांबला. त्याने सीट हळूच खाली ठेवली. आणि आवाज पुन्हा आला. या वेळी खालून नाही. सीटच्या वरून. त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावरून...

तो पंपाचा आवाज नव्हताच, पोरांनो. तोंड मिटून माणूस गुणगुणतो ना, तो होता. दादाची गाडी चालवतानाची गुणगुण. जन्मभर ऐकलेली.

"दादा?"

...

वायरमनने दिवा सीटवर धरला. सीटच्या रेक्झिनला सुरकुत्या पडल्या. हळूहळू. मध्यभाग दबला. आणखी दबला. कोणी अंग सोडून बसावं तसा.

तो दबलेला भाग वर आलाच नाही.

वायरमन पळाला. दुकान उघडं, दिवा जमिनीवर, गाडीचं दार सताड. घरी गेला आणि पांघरूण डोक्यावर ओढून पडला. बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?" तर म्हणाला, दिवा मालवू नकोस. पहाटे सणकून ताप भरला. सकाळी डोळा उघडला तेव्हा उन्हं अंगावर आली होती. तेव्हा कुठे त्याला आठवलं, सोमवार!

दुकानापाशी मी नुकताच आलो होतो. तो अनवाणी धावत आला. गाडी नव्हती. दुसरी किल्ली वहिनीकडे होतीच, आणि टॅक्सीवाल्याची बायको ती, सुटलेलं टर्मिनल बसवता येतं तिला. वायरमनने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका अनोळखी माणसाने उचलला. "मी ट्रकचा ड्रायव्हर बोलतोय. ही गाडी उलटलीय, पुलाच्या पुढे. लवकर या." आणि फोन बंद.

मी स्कूटर काढली. तो मागे बसला आणि सारा रस्ताभर माझ्या कानाशी बडबडत होता. रात्रीचं सगळं. पंपाचं, रिलेचं, गुणगुणण्याचं. "पंप सरळ जोडलाय मी. त्याच्यावरच पोरगी झोपलीय. मी जाळलं त्यांना, मी जाळलं..." काय समजूत घालणार? मला तर पुढे धूर दिसतोय की काय, एवढीच धास्ती.

धूर नव्हता.

गाडी खड्ड्यात कुशीवर पडली होती. रस्त्याच्या कडेला वहिनी बसली होती, मांडीवर लेक. लेकीच्या कपाळाला खरचटलेलं, वहिनीचा हात सुजलेला. बस, तेवढंच. वायरमन तिच्या पायाशी कोसळला आणि लहान मुलासारखा रडला. "वहिनी, माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

"तुमचं काय चुकलं, भावजी? नर्सबायांना सोडून परत येत होते, कुत्रं आडवं आलं." मग म्हणाली, "गाडी काय छान पळत होती! तासभर चालवली, एक आचका दिला नाही."

तो उठून गाडीकडे गेला. मी त्याच्या मागे. किल्ली अजून चालूच होती, समोरचे लाल दिवे पेटलेले. म्हणजे पंप चालू असायला हवा होता. आम्ही कान दिला. काही नाही. पेट्रोलचा वाससुद्धा नाही.

मागची सीट निखळून बाहेर पडली होती. वायरमन वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे?"

मी पुढे होऊन पाहिलं. पंपाचा कपलर काढलेला होता. वायरीचं टोक दुमडून त्यावर टेप मारलेला. निगुतीने, घट्ट.

आता मला सांगा. पंपाला वीज नाही, तर कार्बोरेटरच्या वाटीत उरतं ते घोटभर पेट्रोल. त्यावर गाडी फार तर गल्लीच्या टोकाला जाते. ही तासभर पळाली. वायरमन धावत वहिनीकडे गेला. "वाटेत कुठे थांबलात? कोणी सीट उचलली?"

"नर्सबायांना घेतलं, सोडलं, तेवढंच. सीट कोण उचलणार? पोरगी होती ना झोपलेली तिच्यावर."

तो परत आला. आम्ही दोघं त्या टेपकडे बघत उभे राहिलो. मी बोट लावलं. टेप वाळून कडक झालेला, जागोजाग तडकलेला. वर धुळीचा थर होता, बोट ओढलं तर रेघ उठली. दोन-दोन वर्षं एखादी गाडी दारात पडून राहिली की बसतो ना, तसा थर.

आणि तो पंप आदल्या दिवशी बसवलेला होता.