पावणेआठचं विमान आणि शाळेचा दाखला

भिलाईत त्या काळी लग्नाच्या मुलीला दोन वयं असायची. एक शाळेच्या दाखल्यावर, दुसरं बायोडाट्यावर. दोन्ही वयांची गाठ पडू नये म्हणून आयांनी काय काय केलं ते सांगत बसलो, तर तोवर पोलाद कारखान्याची ब्लास्ट फर्नेस थंड होईल. पण सत्त्याऐंशीच्या एप्रिलात, भर सकाळी, ती गाठ पडलीच.

सेक्टर दोनची वसुंधरा धापा टाकत सिव्हिक सेंटरमधल्या तिकिटांच्या एजन्सीत शिरली, तेव्हा साडेअकरा वाजले होते. हातात मुंबईच्या एका रंग कारखान्याचं पत्र. प्रयोगशाळेतली नोकरी, आणि मुलाखत उद्या सकाळी दहाला! पत्र चार दिवस रिसालीतल्या भलत्याच घरी पाहुणचार घेऊन आज उगवलं होतं.

काउंटरमागे एक उंच तरुण फोनवर ओरडत होता. त्या फोनवर नागपूरशी बोलायला एवढं ओरडावं लागे, की फोन नसता तरी नागपूरला ऐकू गेलं असतं.

"बोलिए मॅडम."

"नागपूर ते मुंबई. आज. सगळ्यात स्वस्त."

"मराठी काय?" तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा. "मंग ट्रेननं जा ना. त्याच्याहून स्वस्त काहीच नाही."

"ट्रेन उद्या दुपारी पोचवते. तोवर माझ्या खुर्चीत दुसरीच बसलेली असेल."

त्यानं भाड्याचं जाडजूड पुस्तक पुढं ओढलं. "नागपूरहून रात्री पावणेआठचं विमान आहे. इथून एकची गाडी पकडली, तर सहाले नागपूर. पण भाडं सातशे वीस."

वसुंधराच्या पर्समध्ये होते सहाशे. "त्याच्याखाली काही नाही?"

"त्याच्याखाली बैलगाडी."

तिनं असं पाहिलं, की त्याची मान पुन्हा पुस्तकात गेली. "रागावू नका... पाहून राहिलो ना." कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येत होता. त्याचं बोट ओळीओळीनं खाली सरकत होतं... आणि थांबलं. "तुमचं वय काय?"

"कावून?"

"तिसाच्या आत असाल तर पाव भाडं माफ. पाचशे चाळीस! फक्त शाळेचा दाखला दाखवा लागते."

वसुंधराचा जीव भांड्यात पडला. दाखला मुलाखतीच्या फायलीतच होता. तिनं फाइल उघडली आणि काउंटरवरच्या पाटीकडे तिची नजर गेली. विजयकुमार घाटोळ.

तिचा हात फायलीतच राहिला. हे नाव आठवडाभर घरात घुमत होतं. "रविवारी पाहायले येऊन राहिले बरं! मुलगा विमान कंपनीत ऑफिसर, अठ्ठावीस वर्षांचा!" आई, म्हणजे रत्नमालाबाई, शेजारणींना सांगत होत्या. आणि त्यांनी घाटोळांकडे धाडलेल्या बायोडाट्यात वसुंधरा होती सव्वीसची. दाखल्यावर? एकोणतीस वर्षं, अकरा महिने.

"शेवटची सीट आहे!" विजयकुमार फोनवर हात ठेवून म्हणाला. "साडेबारापर्यंत धरून ठेवतो म्हणतात. दाखला?"

भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटं; नागपूरची लाइन लागण्यातच अर्धा तास गेला होता. दाखला दिला तर रविवार गेला. नाही दिला तर नोकरी गेली. आठ नकार पचवलेली आई रविवारसाठी नवा टी-सेट घेऊन आली होती... आणि हा माणूस, खरं सांगायचं तर, तिला आवडायला लागला होता. तेच तर वाईट!

"मॅडम, सीट जाईन ना!"

तिनं दाखला काउंटरवर ठेवला.

त्यानं लिहायला घेतलं. "वसुंधरा... नरहरी... मोहोड..." पेन थांबलं. त्यानं दाखल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा दाखल्याकडे.

"तुम्ही... सेक्टर दोनवाल्या? रविवारच्या?"

"हो."

"पण बायोडाट्यात तर—"

"सव्वीस आहे. आईनं लिहिलं." तिनं दाखला त्याच्याकडे आणखी सरकवला. "मी खोडलं नाही."

त्यानं नागपूरला सीट पक्की करायला सांगितली, तिकीट लिहिलं, पैसे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा तो फोनवर हळू बोलला असेल.

मग घड्याळ पाहून म्हणाला, "रिक्षानं नाही पोचणार. चला, स्कूटर आहे."

वसुंधरा मागे बसली, दोघांच्या मधे फाइल. पॉवर हाऊस स्टेशनपर्यंतचा रस्ता संपता संपेना. ऊन, धूळ, आणि त्याची ती गप्प पाठ. अखेर पाठ बोलली.

"मी ऑफिसर नाही."

"काय?"

"विमान कंपनी आईनं लावली. मी तिकिटं लिहितो. विमानात आजपर्यंत पाय नाही ठेवला. ही स्कूटर पण मालकाची आहे."

भीतीतही तिला हसू फुटलं. "आणि वय?"

"अठ्ठावीस. तेवढं खरं आहे."

"म्हणजे... मी मोठी."

उत्तर येण्याआधी स्टेशन आलं. गाडी उभीच होती. तिला खिडकीशी जागा मिळाली. तो खाली, गजांना धरून.

"रविवारी माझी आई सव्वीस सांगेल," ती म्हणाली, "तुमची आई ऑफिसर सांगेल. आपण काय करायचं? पोहे खात ऐकत बसायचं?"

"मी आजच सांगतो घरी. तुमचं वय, आणि मी तुम्हाले खरं सांगून टाकलं तेही."

"तिसरीही सांगा. नोकरी लागली तर मी मुंबईत राहणार."

"तिकिटांची दुकानं मुंबईत पण असतात."

"आणि तुमच्या आई नाही म्हणाल्या तर?"

शिटी झाली. गाडीला हिसका बसला. तो खिडकीबरोबर चालू लागला.

"बोला ना! नाही म्हणाल्या तर?"

आता तो पळत होता. तो तसाच पुढच्या दुर्ग स्टेशनपर्यंत पळाला असं काही लोक सांगतात. विश्वास ठेवू नका. प्लॅटफॉर्म संपला तिथं थांबला, आणि नागपूरला फोन लावल्यासारखा ओरडला,

"तर रविवारी मी एकटाच येतो! चालेल?"

वसुंधरानं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. डबाभर लोक बघत होते. बघू देत!

"या! भूक ठेवून या!"