चारची कूस

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. माझा विश्वास बॅकअपवर. वीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेय आणि कॉम्प्युटर मेला म्हणून कुणी रडताना मी पाहिलेलं नाही. माणसं रडतात ती त्यातलं काहीतरी गेलं म्हणून. त्यामुळे ही हकिकत मी सहसा सांगत नाही, ऐकणारा माझ्याकडे काम द्यायचा नाही या भीतीनं. पण तुम्ही कामासाठी आलेला नाहीत, तेव्हा दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका.

काम अगदी साधं होतं. एका काकांचा फोन आला, की जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मोठ्या डिस्कवर उतरवून हवी आहे. आमच्यात याला क्लोन म्हणतात. नुसत्या फाइली उचलून नेणं नव्हे, तर जुनी डिस्क कणाकणानं, खाचखळग्यांसकट नव्या डिस्कवर उमटवायची. जुनी जिथल्या तिथे राहते आणि नवी हुबेहूब तशीच होते. मी म्हटलं, उद्या सकाळी येते.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. काका बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे, आता निवृत्त. दार उघडलं तर समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल आणि त्याला लागून दवाखान्यात असते तशी खाट, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर करायची. चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. स्पिरिट आणि पावडरीचा मंद वास. भिंतीवर पट्टीनं आखलेला मोठा तक्ता होता. डावी, उताणी, उजवी असे तीन रकाने आणि दर दोन तासांची खूण.

"कुणी आजारी आहे का?" मी विचारलं.

"होती. चार महिने झाले," काका म्हणाले. "चादर मात्र मी रोज बदलतो. हाताला सवय लागलीय."

काकू तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होत्या. मग असा आजार जडला की आधी हात गेले, मग पाय, आणि शेवटी जीभ. जीभ जाणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आधीच आपल्या आवाजातली दोनशे वाक्यं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य. ज्या चौकोनाकडे त्या टक लावून बघायच्या, ते वाक्य कॉम्प्युटर बोलायचा. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि दुसऱ्या कुठल्या मशीनवर तो नव्यानं चढत नव्हता. म्हणजे अख्खी डिस्क क्लोन करण्यावाचून इलाज नव्हता.

"ऐका," म्हणत काकांनी एका चौकोनावर क्लिक केलं.

"अहो, हात धुतलेत का?"

खणखणीत आवाज. अख्खा वॉर्ड ताठ उभा राहील असा. खोटं कशाला सांगू, मी माझे हात बघितले. काकांना हसू आलं. मग त्यांनी एकेक ऐकवलं. "खिडकी उघडा." "मला ऐकू येतं, ओरडू नका." "घाई करू नका, बस सुटत नाहीये." सगळ्यात शेवटी त्यांनी खालच्या कोपऱ्यातला चौकोन दाबला. डिस्कमधून करकर आवाज आला आणि पडदा गोठला.

"हे एकच बोलत नाही," ते म्हणाले. "'आता बरं वाटतंय.' कूस बदलली की म्हणायची, दिवसातून बारा वेळा. महिना झाला, हे ऐकलं नाही. बाकी सगळं गेलं तरी चालेल, ताई... पण एवढं मला काढून द्या."

मी डिस्कला कान लावला. आतलं वाचणारं बोट एका जागी अडखळत होतं. अशी डिस्क एकदाच नीट वाचून घ्यायची संधी देते. मध्येच दगावली तर ते एक वाक्यच काय, "हात धुतलेत का" सुद्धा गेलं असतं. मी हे काकांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, असं डॉक्टरांकडून ऐकायची मला सवय आहे.

दहाला सुरुवात केली. जुनी डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली, नवी शेजारी, मध्ये माझा लॅपटॉप. बाराच्या सुमारास जुनी थांबली. तापली होती. आमच्या उस्तादांनी शिकवलेली एक युक्ती आहे. डिस्क आडवी वाचत नसेल, तर बंद करायची, कुशीवर उभी ठेवायची आणि पुन्हा चालू करायची. कधीकधी वाचते. मी तसं बोलून दाखवलं मात्र, काका उठून उभे राहिले.

"कुशीवर ना? ते माझ्याकडे द्या."

आधी आत जाऊन हात धुऊन आले. बोटांच्या मागच्या बाजूनं डिस्कचा ताप पाहिला. मग दोन्ही हातांनी हलकेच उचलून डाव्या अंगावर वळवली आणि नॅपकिनची गुंडाळी करून पाठीला टेकण दिलं. "हं... झालं हं," असं पुटपुटलेसुद्धा. एरवी मला हसू आलं असतं. पण मी डिस्क चालू केली आणि ती मुकाट्यानं पुढे वाचायला लागली.

दोनला पुन्हा थांबली. काकांनी पुन्हा हात धुतले आणि तिला उजव्या अंगावर घेतलं. या खेपेला तक्त्याच्या एका रिकाम्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक खूणही केली. दर दोन तासांनी ती का थांबत होती, असं विचाराल तर उष्णतेनं, असंच मी सांगेन. तेव्हाही तेच सांगितलं.

तीनपर्यंत सगळी डिस्क उतरली होती, न वाचता येणारा एक डाग सोडून. त्या डागात कुठलं वाक्य अडकलं होतं, ते सांगायला नको. प्रोग्रॅम त्या जागेवर पुन्हा पुन्हा धडका देत होता आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हातानं परतत होता. आम्ही दोघं नुसते बसून होतो. पडदा अर्धा ओढलेला, पिवळट ऊन, डिस्कची एकसुरी घरघर. काका खुर्चीतच पेंगायला लागले. माझेही डोळे जड झाले. झोप लागता लागता मऊ तळव्यांच्या चपलांचा आवाज आला, फरशीवर, सावकाश. शेजारी कुणी चालत असेल, असं मला वाटलं. पावडरीचा वास मात्र मघापेक्षा जवळून येत होता.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते.

डिस्क डाव्या कुशीवर होती.

मी डोळे मिटले तेव्हा ती उजव्या कुशीवर होती. आधी वाटलं, काकांनी केलं असेल. पण काका खुर्चीत, तोंड किंचित उघडं, गाढ झोपेत, आणि चष्मा घसरून मांडीवर पडलेला. मी लॅपटॉपवरची नोंद उघडली. चार वाजून दोन मिनिटांनी डिस्क थांबवली. चार वाजून सहा मिनिटांनी पुन्हा चालू केली. डिस्क आपली आपण थांबू शकते, ते मान्य. पण पुन्हा चालू करायला लॅपटॉपचा पासवर्ड लागतो, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

त्याच नोंदीत खाली एक ओळ होती. डाग शिल्लक नाही.

"काका," मी हाक मारली. "काका... तुम्ही मध्ये उठला होतात?"

त्यांनी चष्मा लावून टेबलाकडे पाहिलं. डिस्ककडे नाही, तिच्या पाठीशी लावलेल्या नॅपकिनकडे. आता त्याची गुंडाळी नव्हती. तीन पदरी घडी होती, आणि मोकळी कड आत खोचलेली.

"ही घडी माझी नाही," ते म्हणाले. "मला कधी जमलीच नाही. तिनं हजारदा शिकवली... नुसत्या डोळ्यांनी शिकवली."

मग त्यांनी त्या घडीची खोचलेली कड बोटानं चाचपली.

"त्या दिवशी दुपारी मला असाच डोळा लागला होता," काका हळूच बोलायला लागले. "सहा वर्षांत एकदाही कूस चुकवली नव्हती, ताई. दोनला मी तिला उजवीवर घेतलं आणि बसलो. उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते... चारची कूस राहून गेली. ती गेली होती. पण होती डाव्या कुशीवर. पाठीला उशी. चादरीला सुरकुती नाही. तिला करंगळीसुद्धा हलवता येत नव्हती आणि घरात मी एकटा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हाताऱ्या, तूच केलं असशील आणि विसरला असशील. मीही तसं धरून चालतो. पण कूस बदलल्यावर ती बोलली असणार ना? आणि मी घोरत होतो. ते माझं ऐकायचं राहिलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीती नव्हती असं नाही. पण त्या क्षणी भीतीला बसायला जागा नव्हती.

मी नवी डिस्क कॉम्प्युटरमध्ये बसवली आणि बटण दाबलं. चौकोन उमटले, सगळे. काका हात धुऊन आले, खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी खालच्या कोपऱ्यातला चौकोन दाबला.

"आता बरं वाटतंय."

हा आवाज खणखणीत नव्हता. दमलेला होता, आणि त्यात थोडं हसू होतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आत ते वाक्य पुन्हा आलं, आणखी एकदा आलं, मग काकांचा आवाज आला, "हो गं, हो." मी बराच वेळ खाली रस्त्यावरची वाहनं बघत राहिले.

निघताना काका म्हणाले, "ताई, एक प्रत तुमच्याकडेही असू द्या. उद्या या घराला आग लागली तर?" शहाणा माणूस. मीही तेच सुचवणार होते. नवी डिस्क धडधाकट, तेव्हा चहा-गप्पा होईपर्यंत तिची आणखी एक प्रत लॅपटॉपवर घेतली.

"यातली खरी कुठली आता?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच खऱ्या. क्लोनमध्ये मूळ आणि नक्कल असं काही उरत नाही."

त्यांनी ते मनात घोळवलं आणि मान हलवली.

त्यानंतरचा रविवार. मी एकटी राहते, हे तुम्हाला माहीतच आहे. जेवून आडवी झाले, नेहमीसारखी उजव्या कुशीवर, कारण डाव्या बाजूला कमरेत कळ येते. जाग आली तेव्हा मी डाव्या कुशीवर होते. पाठीला काहीतरी मऊ टेकलेलं. हात मागे नेला तर न्हाणीघरातला माझा टॉवेल, तीन पदरी घडी, कड आत खोचलेली. चादरीला सुरकुती नव्हती. कमरेत कळही नव्हती. कितीतरी वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

काकांना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग सांगून टाकलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं. आश्चर्य नाही, काही नाही. वेळापत्रकवाला माणूस.

"उठले तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "मीही मघाशीच उठलो, ताई... डाव्या कुशीवर. तेव्हा इकडेही चार वाजून सहा."

काका पुढे बोलले, अगदी हळू. "नोकरीत होती तेव्हा तिचं एकच रडगाणं असायचं. बेचाळीस खाटा आणि मी एक. एकीकडे वळावं तर दुसरीकडचा कण्हतो. एका वेळी सगळ्यांकडे जाता आलं असतं तर, म्हणायची. बरं केलंत तुम्ही. आता जाता येतं तिला."

फोन ठेवला आणि मला खरंच बरं वाटलं. काकू दोन घरी येतात, तर येऊ देत. कुणाचं काय बिघडतं? संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा लॅपटॉप त्यातलं सगळं रोज आपोआप ऑनलाइन साठवणीत चढवतो. उघडून पाहिलं. काकूंची प्रत त्याच आठवड्यात वर गेली होती. त्या साठवणीच्या कंपनीला लिहून विचारलं, की माझ्या एका फाइलीच्या तुम्ही किती प्रती ठेवता आणि कुठे? उत्तर आलं, सुरक्षिततेसाठी अनेक ठिकाणी ठेवतो, ठिकाणं सांगता येत नाहीत.

खोडायचं बटण तिथेच आहे. परवा दुपारी हिय्या करून त्यावर बोट नेलं. चारला पाच मिनिटं कमी होती. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत कोण पडलंय, कुणाला स्वतःहून वळता येत नाही, मला काय माहीत? मी लॅपटॉप मिटला.