रोज एक स्थळ

देवगाव फाट्यावर पुलाच्या कठड्यावर बसून मी एका रसवंतीचा चरक काढत होते. पावसाळ्यात रसवंती बंद होती आणि चरकावर कुणीतरी लुगडं वाळत घातलं होतं. तेवढ्यात मागे मोटरसायकल थांबली.

"काय करायलाव?"

"माझी ओळख शोधतेय," मी मान वर न करता म्हणाले.

तो जरा विचारात पडला. "आधार केंद्र सेलूला हाय. पण आज सर्व्हर डाऊन हाय."

मी मान वर केली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मोटरसायकलला एक पत्र्याचा डबा आणि तीन पायांचा लोखंडी खांब बांधलेला होता. आणि तो मला 'ताई' म्हणाला नव्हता. आपल्याकडं अनोळखी मुलीला ताई न म्हणणारा मुलगा एक तर उद्धट असतो, नाहीतर दूरदर्शी.

"चित्र काढतेय," मी म्हणाले. "रोज एक."

"कामून?"

आता हे लांबडं होतं. मी पुण्याला चित्रकला शिकले. तिथं पहिल्याच आठवड्यात होस्टेलवर मी म्हणाले, "सकाळी सुशीला खाल्ली." तर शेजारच्या पलंगावरची मुलगी उशी उचलून दुसऱ्या खोलीत राहायला गेली. सुशीला म्हणजे मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून केलेला नाश्ता, हे तिला कळेपर्यंत दिवाळी आली. तोवर मी 'लय' सोडून 'खूप' म्हणायला लागले होते आणि 'करायलाय' तर घशातच अडवत होते. परभणीला परत आले तेव्हा ठरवलं, आपण कुठले हे सांगत बसायचं नाही, काढून दाखवायचं. रोज आपल्याकडची एक वस्तू किंवा एक जागा, आणि खाली तिचं आपल्याकडचं नाव. खाडा नाही. ताप आला त्या दिवशी थर्मामीटर काढला. तो आपल्या संस्कृतीत बसतो का, यावर अजून विचार चालू आहे.

एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, "मी मुकुल. पिंगळीचा."

तो एका कंपनीची हवामान यंत्रं गावोगाव बसवायचा आणि दुरुस्त करायचा. त्यामुळं पाऊस लांबला की गावकरी त्याला जाब विचारायचे आणि जास्त झाला की हुडकत यायचे.

"मग आज पाऊस?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

पहिला टपोरा थेंब माझ्या चरकाच्या दांड्यावर पडला. दुसरा त्याच्या नाकावर. मग मोजायचं कारणच उरलं नाही. त्यानं डब्यावरची ताडपत्री ओढली आणि आम्ही दोघं तिच्याखाली, मध्ये माझी वही धरून उभे राहिलो. सोयाबीनवरून सर सरकत येत होती. त्याच्या बाहीचं पाणी माझ्या कोपरावर ठिबकत होतं, आणि कोपर बाजूला घ्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही... म्हणजे आलं होतं.

"हा पाऊस न्हाई," तो म्हणाला.

"मंग काय हाय?"

"स्थानिक स्वरूपाचा गैरसमज." मग माझ्याकडं बघून, "मंग म्हणलाव."

"कोण?"

"तुमी. आता. 'मंग' म्हणलाव."

मी म्हणाले होते खरी.

त्यानंतर त्याचे निरोप यायला लागले. 'जिंतूर रोडला बुजगावणं हाय. कोट घातलाय. टाय बी हाय.' मी एसटी धरून जायचे. तो यंत्राचे स्क्रू पिळायचा, मी बुजगावण्याची टाय काढायचे. माझ्या ब्रशच्या पाण्याची बाटली धरून तो इतका निश्चल उभा राहायचा, की एकदा एका बाईनं त्याला मूर्ती समजून हात जोडले. 'म्याडम'चं 'निवेदिता' झालं, 'तुमी'चं 'तू' झालं आणि 'तू'चं 'ऐक ना' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

अशाच एका संध्याकाळी स्क्रू पिळता पिळता तो म्हणाला, "रविवारी पाथरीला जायचंय. पोरगी बघायला."

"अच्छा."

"आबानं शब्द दिलाय. बघितलं की तितंच सुपारी फोडायची म्हणायलेत."

"छान. पाथरीला काढण्यासारखं काय काय आहे?"

मी भाजीवालीशी घासाघीस करते, रस्त्यावरचा बैल हाकलते, गॅलरीवाल्यांना फोनवर 'नंतर बोला' म्हणते. मला कशाची भीती वाटत नाही. फक्त 'जाऊ नको' एवढे दोन शब्द तोंडापर्यंत यायचे आणि तिथं त्यांना कामं आठवायची.

"बाकी काही म्हणायचं न्हाई?" त्यानं विचारलं.

"बाकी... पाऊस?"

"पाऊस न्हाई."

त्या दिवशी मी एसटी काढली आणि चाकं काढायची विसरले.

शनिवारी त्यानं घरी बोलावलं. त्यांच्याकडं धान्याची जुनी कणगी होती, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच. लग्नघराला जागा लागते म्हणून ती मोडणार होते, त्याआधी मी काढावी असं त्याचं म्हणणं. मी रेल्वेनं पिंगळीला उतरले तर निरोप: 'वानरानं पर्जन्यमापक नेलाय. त्याच्या मागं हाय. तू हो पुढं.'

दारात त्याची आत्या सरजाबाई मूग पाखडत होत्या.

"काय काम काढलं, बाई?"

"स्थळ बघायला आलेय."

यात माझी चूक नाही. आमच्या सरांना 'स्पॉट' म्हटलं की अपघात आठवायचा, म्हणून 'आधी स्थळ बघा, मग कागद काढा' हे त्यांनी आमच्या हाडीमासी भिनवलं होतं.

सरजाबाईंचं सूप थांबलं. "एकटीच?"

"मी एकटीच जाते. सोबत माणसं असली की लक्ष लागत नाही."

"दादा," त्यांनी आत हाक मारली, "भाईर ये. टोपी घालून ये."

मुकुलचे वडील दिनकरराव, म्हणजे त्याचे आबा, टोपी घालून आले आणि मला खुर्ची देऊन स्वतः बाजेवर टेकले. मला वाटलं, चित्रकाराला इतका मान पिंगळीतच.

"याच्या आधी बघितली का कुटं?" त्यांनी विचारलं.

"रोज एक बघते."

"रोज."

"वर्ष होत आलं. खाडा नाही."

बहीणभावांनी एकमेकांकडं पाहिलं. "आन एक बी पसंत पडलं न्हाई?" सरजाबाई.

"सगळी पडतात. पण दुसऱ्या दिवशी दुसरं बघावंच लागतं."

दिनकररावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली. "तुमची आवड कशी म्हणायची?"

"जुनं असलं तर बरं. जरा पोपडे निघालेलं, एका अंगाला कललेलं... त्यात मजा असते."

"आमचा तसला न्हाई," ते घाईनं म्हणाले. "सरळ हाय."

'आमचा' म्हणजे कणगी ठेवलेला कोठा असणार. मी विचारलं, "पावसात गळतो का?"

"सर्दी व्हती कवा कवा," सरजाबाई म्हणाल्या.

मला हे जरा चमत्कारिक वाटलं, पण आपल्याकडची भाषा समृद्ध आहे.

तेवढ्यात मुकुल आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चेपलेला पर्जन्यमापक. आत्यानं त्याला दंडाला धरून आत नेलं. आतून कुजबुज आली, मग बादलीचा आवाज. आणि मग इस्त्रीचा शर्ट, ओले केस, हातात सुशीलेच्या बशांचं ताट आणि नजर जमिनीला, असा तो बाहेर आला.

मी ताटाकडं पाहिलं. शर्टाकडं पाहिलं. दिनकररावांच्या टोपीकडं पाहिलं. आणि 'स्थळ' हा शब्द माझ्या डोक्यात हळूच कुशीवर वळला.

"बस तितं," आत्या त्याला म्हणाल्या. "न्हाई, आधी चालून दाखव. तिचा इरादा पक्का हाय, नीट बघू दे."

तो तुळशीपर्यंत गेला आणि परत आला. चालला चांगला. बसताना त्यानं एकदाच वर पाहिलं. मला वाटलं होतं डोळ्यांत मस्करी असेल. नव्हती. ते डोळे वाट बघत होते.

'अहो, कणगी बघायला आलेय, कणगी,' एवढं म्हटलं असतं की सगळे हसले असते. आणि उद्या पाथरीला सुपारी फुटली असती.

"स्वयंपाक येतो का?" मी विचारलं.

"सुशीला येती," तो म्हणाला. "ही आत्यानं केली. पण मुरमुरे हमेशा मी भिजवतो."

"लग्नानंतर नोकरी करणार?"

"सासरचे म्हणतील तसं."

"खोटं बोलता का?"

"पावसाबद्दल. बाकी न्हाई."

सरजाबाई खूष होत्या. दिनकरराव नव्हते. ते हळूच म्हणाले, "पोरी, ही बात हासण्यावारी नेऊ नको. उद्या पाथरीला माझा शब्द हाय. बन्सीधररावांच्या घरी पावनेरावळे जमतील. काय असंल ते आज सांग."

मी बशी खाली ठेवली.

"काका, मी चित्रकार आहे. कणगी काढायला आले होते. स्थळ म्हणजे जागा म्हणाले मी."

कोपऱ्यातली कोंबडी उठून बाहेर गेली.

"म्हंजे पोरगा बघायला न्हाई आलीस," सरजाबाई.

"नाही."

मुकुलनं रिकामं ताट उचललं. अगदी हळू, जणू त्यात काहीतरी सांडण्यासारखं होतं.

"पण आता बघितलाय ना," मी म्हणाले. "आणि मला..."

डोक्यात एक व्यवस्थित वाक्य होतं, पुण्याचं, त्यात 'परस्परांविषयी' असा शब्द होता. ते आलंच नाही.

"मला तो लय आवडायलाय. तुमी पाथरीला जाऊ नका."

दिनकररावांनी पुन्हा टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. मग त्यांनी खिशातून फोन काढला, बन्सीधररावांचा नंबर लावला, आणि धीर झाला नाही म्हणून नुसताच हातात धरला. मुकुलनं ताट ठेवलं आणि फोन घेतला.

"रामराम काका, मुकुल बोलतोय... उद्या आमी येत न्हाई. माफ करा... न्हाई, तब्येत बरी हाय. मला बघून गेले... म्हंजे अजून गेले न्हाईत, बसलेत... मुलीकडचे न्हाईत, मुलगीच आलीय... हाव, एकटी... पसंत का?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. कानाची पाळी लाल झाली होती. "ते अजून तिनं तसं म्हणलं न्हाई."

"पसंत हाय," मी फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

मग तो "हं... हं... विचारतो," म्हणाला आणि फोनवर तळहात ठेवला.

"ते म्हणायलेत, पोरीसाठी दुसरं बघतील, त्याचं काही न्हाई. पण त्यांचा थोरला शेती करतो, त्याला चार वर्षं झाली कुणी पोरगी देईना. तुझी एखादी मैत्रीण असंल तर बघायला पाठव म्हणायलेत. जायचं-यायचं भाडं ते देतील."

"विचारून सांगते म्हण."

सरजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मुगाची धूळ गेली म्हणाल्या. दिनकरराव माझ्या बाबांचा पत्ता विचारून कपडे बदलायला आत गेले. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, ते सोबत येऊनच सांगणार होते.

गाडीला वेळ होता आणि उजेड उतरायला लागला होता. मी कणगीसमोर पाट घेऊन बसले. आत्यानं तिच्यावर हात फिरवला. आता कुणी ती मोडायचं म्हणत नव्हतं. मुकुल तिच्याशेजारी उभा राहिला, इस्त्रीच्या शर्टात, एक खांदा कणगीला टेकून.

"हलू नको," मी म्हणाले.

"हललो न्हाई."

"मग रेघ का वाकडी व्हायलीय?"

तो जरा पुढं झुकला, माझ्या वहीकडं पाहिलं, मग पेन्सिलीकडं.

"तू माझ्याकडंच बघायलीस, कागदाकडं न्हाई," तो म्हणाला.

मी वहीकडं पाहिलं. खोडरबर शेजारीच पडला होता. मी तो उचलला नाही, आणि तशाच वाकड्या रेघेनं त्याचा खांदा पुरा केला.